प्रागला चार दिवस, आईचा गुडघा आणि दादाची एक्सेल शीट

अबोली

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आई प्रागला जातोय. २५ ला रात्री पोचतो, ३० ला सकाळी निघतो, म्हणजे हातात पूर्ण दिवस चार. व्हिसा झाला, विमा झाला, तिकिटं झाली. घोडं अडलंय ते एका एक्सेल शीटपाशी.

ती शीट दादाने केली आहे. तो स्वतः येत नाहीये, त्यामुळे उत्साह दुप्पट. चार दिवसांत एकतीस ठिकाणं, प्रत्येक ठिकाणाला वेगळा रंग. दुसऱ्या दिवशी 'व्हिएन्ना – धावती भेट'. तिसऱ्या दिवशी सकाळी कुत्ना होरा, दुपारी कार्लोवी व्हारी. जेवणाला पंचवीस मिनिटं. मी म्हटलं, अरे आई आहे माझ्याबरोबर, कुरिअरचं पार्सल नाही. तर म्हणे, 'एवढ्या लांब जाताय, परत कधी जाणारात?' या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आईची माहिती देते. वय ६७. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा बदललाय. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालते, चढही चढते, पण जिना उतरायचा म्हटलं की तोंड वाकडं होतं. शाकाहारी आहे. केकमधलं अंडं 'दिसत नाही ना, मग चालेल' या कलमाखाली चालतं.

आणि प्रागच का? तर आमच्याकडे कुणीतरी दिलेल्या एका कॅलेंडरवर तिथल्या त्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळाचं चित्र होतं. महिना उलटला तरी आईने पान उलटू दिलं नाही. चष्मा लावून जवळ जाऊन बघायची. आईचा दिवस पंचांग उघडल्याशिवाय सुरू होत नाही, हेही सांगून ठेवते. एके दिवशी म्हणाली, 'अगं, हे घड्याळ नाहीच. हे पंचांग आहे, भिंतीवर लावलेलं.' त्या वाक्यावर ही सहल ठरली.

तर मला सांगा: एकतीसमधलं काय ठेवू, काय उडवू? राहायला कुठे बरं? ओल्ड टाउनमध्ये एक स्वस्त घर सापडलंय, चौथा मजला, फोटोंत लिफ्ट दिसत नाही. आईच्या जेवणाचं काय होईल? आणि पैसे युरोत न्यायचे की तिथलेच घ्यायचे?

पाटीपेन्सिल

अबोली, मी प्रागमध्ये चार वर्षं काढली आहेत, विनोह्रादी भागात, तेव्हा जरा लांबण लागेल. चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी व्हिएन्ना उडव. रेल्वेने जायलाच चार तास, यायला चार. त्याला धावती भेट म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात. कार्लोवी व्हारीसुद्धा उडव. दादाला सांग, चेकमधल्या एका माणसाने सांगितलंय, म्हणजे त्याचं समाधान होईल.

आता घर. लिफ्ट नसलेला चौथा मजला नको, हे तुलाही कळतंयच. तिथे आणखी एक गोम आहे: तळमजला मोजत नाहीत आणि जुन्या इमारतींचे मजले उंच असतात, त्यामुळे चौथा म्हणजे पायांना सहावा वाटतो. शिवाय ओल्ड टाउनच्या गल्ल्यांत रात्री दोनपर्यंत बिअर प्यायलेली पोरं गात असतात. त्यापेक्षा नाम्येस्ती मीरू किंवा ई. पे. पाव्लोवा या स्टॉपांच्या आसपास बघ. कारण एकच: बावीस नंबरची ट्राम.

ही ट्राम म्हणजे तुमच्या सहलीचा कणा. नाम्येस्ती मीरूपासून निघते तशी कार्लोवो नाम्येस्ती, नॅशनल थिएटर, मग पूल ओलांडून माला स्त्राना, आणि तिथून वळणं घेत घेत थेट किल्ल्याच्या पाठीमागे वर चढते. जो चढ लोक धापा टाकत चढतात तो काकू खिडकीशी बसून चढतील. किल्ल्याच्या स्टॉपवर मात्र उतरू नका. दोन स्टॉप पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा. तिथे एका शाळेसमोर टायको ब्राहे आणि केप्लर या दोन खगोलशास्त्रज्ञांचा जोडपुतळा आहे, दोघं आकाशाकडे बघतायत. टायको १५९९ मध्ये प्रागला आला, केप्लर त्याच्या पाठोपाठ १६०० मध्ये. दोघांना एकत्र काम करायला जेमतेम दीड वर्ष मिळालं, कारण १६०१ मध्ये टायको गेला. पण त्याने डोळ्यांनी, दुर्बिणीशिवाय, वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या आणि त्यातून ग्रहांच्या लंबवर्तुळाचं गणित निघालं. ज्या काकू पंचांगाने दिवस उघडतात त्यांनी या दोघांना नमस्कार न करता किल्ल्यात जाणं बरोबर नाही.

पुतळ्यापासून किल्ल्याचं मुख्य फाटक पंधरा-वीस मिनिटांवर, आणि रस्ता हलक्या उताराचा, पायऱ्या नाहीत. किल्ल्याचं तिकीट दोन दिवस चालतं. हे फार लोक वापरत नाहीत, तुम्ही वापरा. पहिल्या दिवशी फक्त सेंट व्हिटस कॅथेड्रल. काम १३४४ ला सुरू झालं आणि पुरं झालं १९२९ ला. सरकारी कंत्राटदारांनी तसबीर लावावी असं उदाहरण. आत डावीकडे अल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची रंगीत काच आहे, ती नक्की बघा. रविवारी कॅथेड्रल दुपारी बारानंतरच उघडतं, त्यामुळे रविवार टाळा. दुसऱ्या खेपेला जुना राजवाडा आणि गोल्डन लेन. १६१८ मध्ये ज्या खिडकीतून दोन अधिकारी आणि त्यांचा चिटणीस असे तिघं खाली फेकले आणि युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं, ती राजवाड्यातच आहे. तिघंही वाचले, हा भाग गाइड फार रंगवून सांगतात. गोल्डन लेनमधल्या बावीस नंबरच्या निळ्या घरात काफ्का १९१६-१७ च्या हिवाळ्यात लिहायला बसायचा. घर एवढंसं आहे की आत चार माणसं शिरली की पाचव्याने बाहेर थांबायचं.

परतताना सगळा लोंढा जुन्या किल्ल्याच्या पायऱ्यांवरून खाली मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशनकडे जातो. त्यांच्या मागे जाऊ नका. त्या पायऱ्या सव्वाशेच्या घरात आहेत आणि दगड झिजलेले. आल्या वाटेने ट्रामकडे या.

चार्ल्स पुलाबद्दल एवढंच: सकाळी लवकर. सप्टेंबरअखेरीस सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहाटे चारला उठायची गरजही नाही. साडेसहाला पुलावर असाल तर ५१६ मीटर लांबीचा पूल, तीस पुतळे आणि खालची व्ल्तावा नदी तुमच्या एकट्यांच्या मालकीची. दहानंतर तोच पूल म्हणजे चेंगराचेंगरी आणि खिसेकापू. काकूंना पुलाच्या मुहूर्ताची गोष्ट सांग. राजा चौथ्या चार्ल्सने पायाभरणी केली ती म्हणे १३५७ मध्ये, नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पाच वाजून एकतीस मिनिटांनी. ओळीने लिहायला सांग त्यांना: १ ३ ५ ७ ९ ७ ५ ३ १. खरं-खोटं राजाला माहीत, पण गणिताच्या बाईंना आवडेल.

योसेफोव्ह, म्हणजे जुनी ज्यू वस्ती, शीटमध्ये असेल तर ठेव. पण शनिवारी तिथली संग्रहालयं बंद असतात, ज्यू सणांनाही. आणि त्यांचे मोठे सण नेमके सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, तेव्हा तारखा आधी तपास. पिन्कास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सत्त्याहत्तर हजारांहून जास्त माणसांची नावं हाताने लिहिली आहेत. मी एकदाच गेलो. शेजारच्या दफनभूमीत जागा नसल्यामुळे थरावर थर रचलेत, दगड एकमेकांवर कलंडलेले. त्यानंतर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका, नुसतं नदीकाठी बसा.

२८ सप्टेंबरला सेंट वात्स्लावची सुट्टी असते. त्या दिवशी मोठी दुकानं कायद्याने बंद. दूध-फळं आदल्या दिवशी घेऊन ठेव, किंवा कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी माणसाच्या दुकानात जा.

जेवण, पैसे वगैरे इतर लोक सांगतील. माझी बोटं दुखली.

काजवा

पाटीपेन्सिलने बोटं दुखल्याचं सांगून नेमकं कामाचं सोडलं :-)

पैसे: तिथे युरो नाही, चेक कोरुना. युरो रोख न्यायची गरज नाही, कार्ड सगळीकडे चालतं. थोडी नाणी मात्र ठेवा, सार्वजनिक स्वच्छतागृहात लागतात. मशीनमधून पैसे काढताना ते विचारतं, 'तुमच्या चलनात रूपांतर करू का?' नाही म्हणायचं. डोळे झाकून नाही.

रोख बदललीच तर सावध. मी २०१६ मध्ये चौकाजवळच्या एका काउंटरवर शंभर युरो दिले. बाहेर मोठ्या अक्षरांत 'कमिशन शून्य'. हातात आले सतराशे कोरुना; तेव्हाच्या दराने सत्तावीसशे यायला हवे होते. चांगला दर हजार युरोच्या वरच्यांसाठी, हे काचेच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं. भांडले, रडकुंडीला आले, काही उपयोग नाही. नवरा अजून दर दिवाळीला तो हिशेब काढतो. २०१९ पासून नियम आलाय: हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. तेव्हा पावती फेकू नका. आणि रस्त्यात कुणी 'चेंज, चेंज' करत आला तर मान वर न करता पुढे चालायचं, तो भलत्याच देशाच्या नोटा टेकवतो.

जेवण: माझ्या सासूबाई कांदा-लसूणसुद्धा मोजून खाणाऱ्या, तरी चार दिवस तगल्या. मेन्यूत 'बेझमासा' म्हणजे बिनमांसाचे पदार्थ, हा शब्द शोधा. पण सूप विचारूनच घ्या, दिसायला मसुराचं असतं आणि पाणी हाडांचं. तळलेलं चीज मिळतं, स्माझेनी सीर, बरोबर उकडलेले बटाटे. त्यासोबतच्या पांढऱ्या सॉसमध्ये अंडं असतं. ब्राम्बोराक म्हणजे बटाट्याचं थालीपीठच, लसूण आणि मार्जोरम घातलेलं, गरम गरम फार छान लागतं. आणि ओवोत्स्ने क्नेदलीकी: पिठाच्या उकडलेल्या गोळ्यात अख्खं फळ, वर चक्क्यासारखं काहीतरी आणि साखर. सासूबाई म्हणाल्या, 'उकडीचा मोदक करायला गेले आणि वळायचा कंटाळा आला.' पिठात अंडं असू शकतं, पण काकूंच्या कलमात ते बसेल.

कामाच्या दिवशी दुपारी बऱ्याच खानावळींत दुपारचा खास मेन्यू असतो, संध्याकाळपेक्षा बराच स्वस्त. टेबलावर न मागता ठेवलेला पाव फुकट नसतो. सगळीकडे धुरकट वासाची गोल गुंडाळलेली ट्र्देलनीक नावाची गोड पेस्ट्री विकतात, 'पारंपरिक चेक' म्हणून. तो परंपरेचा भाग खरा नाही, गोडाचा खरा आहे.

एका बाबतीत मी दादाच्या बाजूने. कुत्ना होरा ठेवा. रेल्वेने तासाभराचा रस्ता, आणि माणसांच्या हाडांनी सजवलेलं ते चॅपल दुसरीकडे कुठे बघणार?

पाटीपेन्सिल

काजवा, चाळीस हजारांच्या वर मेलेल्यांची हाडं बघायला पंचांगवाल्या काकूंना पितृपक्षाच्या तोंडावर नेणार? धन्य.

खवट_खोबरं

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मागच्या वर्षी गेलो होतो. तुमच्या त्या घड्याळापुढे पाचशे माणसं हात वर करून मोबाइल धरतात. टोल पडतो, दोन खिडक्या उघडतात, बाहुल्या सरकतात, कोंबडा बेसूर ओरडतो, संपलं. माझ्या शेजारचा म्हणाला, 'एवढंच?' मीही तेच म्हणालो. त्यासाठी कुणी प्रागला जात असेल तर अपेक्षा आधीच कमी करून ठेवा. नदीवरची बोट मात्र बरी होती.

अबोली

सगळ्यांचे खूप आभार. व्हिएन्ना आणि कार्लोवी व्हारी उडवलं, घर नाम्येस्ती मीरूजवळ घेतलं, लिफ्ट आहे. दादा दोन तास बोलत नव्हता.

पण खवट_खोबरं यांनी घाबरवलं. आईची सगळी आशा त्या घड्याळावर आहे. ते खरंच एक मिनिटाचं बाहुल्यांचं खेळणं आहे का? ते वाचायचं कसं, कुणी समजावेल का?

पाटीपेन्सिल

खोबऱ्याचं म्हणणं बाहुल्यांपुरतं खरं आहे. पण बाहुल्या नंतर आल्या. मूळ घड्याळ १४१० चं, आजही चालू असलेल्या खगोलीय घड्याळांत सगळ्यात जुनं. कादानच्या मिकुलाश नावाच्या कारागिराने बनवलं, गणित यान शिंदेल या विद्यापीठातल्या प्राध्यापकाचं. गर्दी ताशी एकदा वर बघते, तबकडीकडे कुणी बघतच नाही. तुम्ही उलट करा. टोल पडून गेला की लोक दोन मिनिटांत पांगतात, मग पुढे जाऊन उभ्या राहा.

मधोमध पृथ्वी आहे. बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं, कोपर्निकसच्या आधीचं घड्याळ ते. वर निळं म्हणजे दिवस, खाली काळं म्हणजे रात्र, दोन्हींच्या मध्ये तांबूस पट्टा संधिप्रकाशाचा. एका काट्यावर सोन्याचा सूर्य, दुसऱ्यावर चंद्राचा गोळा, अर्धा चांदीचा आणि अर्धा काळा. तो गोळा स्वतःभोवती फिरतो आणि कला दाखवतो. राशीचक्राचं कडं केंद्र सोडून जरा बाजूला बसवलंय, त्यामुळे ते फिरताना डुलतं. सूर्य त्या कड्यावर जिथे असेल ती त्या दिवशीची रास.

आता वेळ. एकाच तबकडीवर तीन तऱ्हेची. रोमन आकडे म्हणजे आपली नेहमीची, वरचे बारा दुपारचे, खालचे बारा मध्यरात्रीचे. बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी गॉथिक वळणाचे एक ते चोवीस आकडे दिसतील, ती जुनी चेक वेळ. तिथे दिवस सूर्यास्तापासून मोजतात. सूर्य मावळला की चोवीस वाजले. सूर्यास्त रोज सरकतो म्हणून ते अख्खं कडं वर्षभर मागे-पुढे होत राहतं. आणि तिसरी, निळ्या भागातल्या वाकड्या सोनेरी रेघांची. सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा समान भाग. उन्हाळ्यात भाग मोठा, हिवाळ्यात लहान. काकूंना वेगळं सांगायला नकोच: हे होरा आहेत.

एक मुद्दाम सांगून ठेवतो. घड्याळाच्या राशी सायन आहेत, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या; आपलं पंचांग ताऱ्यांवरून मोजतं. २३ सप्टेंबरच्या सुमारास तिथला सूर्य तुळेत जातो. काकूंच्या पंचांगात तो १७ ऑक्टोबरपर्यंत कन्येतच असणार. चौकात उभं राहून भांडण नको.

घड्याळ ज्यावर आहे त्या नगरभवनाच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे, वर जाता येईल. आतल्या चॅपलमधून त्या बाहुल्या पाठीमागून, हातभर अंतरावरून दिसतात. क्लेमेंटिनमचा खगोल मनोरा शीटमध्ये असणार, तो मात्र सोडा. १७७५ पासून रोजच्या तापमानाची सलग नोंद तिथे आहे, पण पायऱ्या १७२, आणि तेवढ्याच उतरायच्या.

टायकोची समाधी घड्याळासमोरच्याच टीन चर्चमध्ये आहे. दार चौकातून दिसत नाही, पुढच्या इमारतीच्या कमानीतून आत जायचं. उघडण्याच्या वेळा तुटक आहेत, सकाळीच जा.

अबोली

परत आलो. दोन आठवडे झाले, पण सूटकेस आजच रिकामी झाली. ज्यांनी मदत केली त्यांना हिशेब द्यायला हवा.

घड्याळाकडे २७ ला सकाळी पावणेनऊला गेलो. दिवसाचा पहिला खेळ नऊचा. त्या वेळी माणसं साठ-सत्तर, पाचशे नाहीत. सांगाड्याने घंटा ओढली, शेजारच्या तिघांनी 'नाही, नाही' अशा माना हलवल्या, ख्रिस्ताच्या प्रेषितांच्या बाहुल्या सरकल्या, कोंबडा ओरडला. आईने एकदाही वर बघितलं नाही. ती पहिल्यापासून तबकडीकडेच बघत होती.

मग पर्समधून पंचांग निघालं. मला वाटलं होतं ते घरी राहिलंय.

आधी बाहेरच्या कड्यावरचे आकडे लागेनात तिला, फार नक्षीचे आहेत. मग एकदम म्हणाली, 'अगं, चार बघ. आपला चार आहे.' खरंच. त्या कड्यावरच्या ४, १४ आणि २४ मधला चार रोजच्या इंग्रजी चारसारखा नाहीये, खाली दोन पाय फाकलेली गाठ आहे. उलटी धरली तर आपल्या मराठी चारची सख्खी बहीण शोभेल. त्या धाग्याने बाकीचे आकडे तिने पाच मिनिटांत लावले. काटा चौदाच्या जरासा पुढे होता. आईने मला आदल्या दिवशीचा सूर्यास्त फोनवर बघायला लावला: पावणेसात वाजून गेल्यावर काही मिनिटांनी. बोटांवर मोजून म्हणाली, 'बरोबर आहे. सव्वाचौदा तास होत आलेत.' सहाशे वर्षांच्या घड्याळाला शंभरपैकी शंभर देताना असा चेहरा मी दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. माझ्या.

पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती. चंद्राचा गोळा जवळजवळ पूर्ण चांदीचा, सूर्याच्या बरोबर समोर, खालच्या काळ्या भागात. सूर्य डावीकडे निळ्यात चढत होता. आणि पाटीपेन्सिल, भांडण झालंच. 'यांचा सूर्य तुळेत कसा?' मी सायन म्हटलं. 'मला कळतंय सायन,' म्हणाली, 'पण लिहायला नको का कुठेतरी?' शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या चेक बाई हसून आम्हाला काहीतरी सांगायला लागल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी दहा मिनिटं बोलल्या. शेवटी त्या बाई बोटाने खालची महिन्यांची तबकडी दाखवून 'वात्स्लाव, वात्स्लाव' म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशीच्या सणाबद्दल असावं.

बाकी थोडक्यात. बावीसची ट्राम आईला इतकी आवडली की आम्ही एक दिवस नुसतेच शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन आलो. मेट्रोचे सरकते जिने मात्र कुणी सांगितले नाहीत! नाम्येस्ती मीरूचा जिना ८७ मीटर लांबीचा आहे म्हणे, आणि वेग असा की पाऊल ठेवताना आईने माझा दंड काळानिळा केला. पण त्याच मेट्रोत दार बंद होण्याआधीची घोषणा ऐकून तिने चेकचा पहिला शब्द पकडला: 'द्वेर्झे'. द्वार. मग 'दोब्री देन' मधला दिन. पुढे चार दिवस तोच खेळ. दुकानांच्या दारांवर 'सेम' आणि 'ताम' लिहिलेलं असतं, सेम म्हणजे इकडे ओढा, ताम म्हणजे तिकडे ढकला. मी चारही दिवस उलटं केलं. आईने एकदाही नाही.

योसेफोव्हची संग्रहालयं आम्हाला बंदच मिळाली, सणामुळे. पुलावर दोनदा गेलो. टायकोची तांबड्या दगडाची समाधी पाहिली, चिलखत घालून उभा आहे, हात एका गोलावर. कुत्ना होरा नाही जमलं, सॉरी काजवा. ब्राम्बोराक सहा वेळा झाले.

दादाने शीट अद्ययावत केली आहे. एकतीसपैकी नऊ हिरवे. उरलेल्या बावीसपुढे शेरा: 'आईमुळे रद्द'.

एक प्रश्न आईचा राहिलाय. राशीच्या कड्याला एक छोटा सोनेरी तारा आहे, तो कसला?

पाटीपेन्सिल

नाक्षत्रकाळ, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली वेळ. तो तारा राशीचक्राबरोबर फिरतो आणि रोमन आकड्यांवर नाक्षत्र वेळ दाखवतो. सूर्यापेक्षा रोज सुमारे चार मिनिटं पुढे जातो, वर्षभरात पूर्ण एक फेरी जास्त.

अबोली

सांगितलं. 'मला वाटलंच,' म्हणाली.